तिकीट काढण्याआधी

मुंबईहून होस्पेटला थेट जाणारी एक गाडी आहे. पुणे, सोलापूर, विजयपूर, बागलकोट, बदामी, गदग, कोप्पळ असं करत ती हंपीच्या वेशीपाशी आणून सोडते. हंपीला निघालेले बहुतेक लोक या गाडीत झोप काढतात, होस्पेट आलं की उतरतात आणि रिक्षा ठरवतात. पण वेळापत्रकाशेजारी इतिहासाचं एखादं पुस्तक उघडून बसलं, की हीच गाडी निराळी दिसू लागते. विजयपूर म्हणजे आपलं जुनं विजापूर, आदिलशाहीची राजधानी. 1565 मध्ये तालिकोटला दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचं सैन्य मोडलं. त्या फौजांमध्ये विजापूरची होती, तशी अहमदनगरच्या निजामशाहीचीही होती. विजापूरच्या तटावर आज ठेवलेली मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात राहिली आणि तिथून विजापुरात आली. म्हणजे ही गाडी जिंकणाऱ्यांच्या शहरातून जाते आणि हरलेल्यांच्या शहरात पोचते.

मध्ये बदामी लागतं. ही चालुक्यांची राजधानी, तालिकोटच्या लढाईहून जवळपास हजार वर्षांनी जुनी. बदामीहून ऐहोळे जवळ आहे. तिथल्या मेगुती देवळाच्या भिंतीवर 634 सालचा, रविकीर्ती नावाच्या कवीनं रचलेला शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीनं हर्षवर्धनाला हरवल्याचं त्यात सांगितलं आहे आणि नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा उल्लेखही आहे. बदामीलगतची बनशंकरी महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीची भाकरी आणि दही घेऊन बसतात. भाषा कानडी, भाकरी मात्र थेट सोलापूरची.

सहल आपली आपण आखायची म्हणजे काय, ते या एका मार्गात दिसतं. अनेकांना वाटतं, पैसे वाचवण्यासाठी लोक हा खटाटोप करतात. पैसे कधी वाचतात, कधी वाचत नाहीत. मोठ्या कंपनीला हॉटेलं जितक्या स्वस्तात मिळतात तितक्यात चौघांच्या कुटुंबाला मिळत नाहीत. खरा लाभ दुसराच आहे. स्वतः आखणाऱ्याला घरातून निघतानाच एक प्रश्न सोबत नेता येतो, आणि तो प्रश्न असला की दगड बोलू लागतात. ‘हंपीत काय काय बघायचं?’ असं विचारून गेलेला माणूस यादीवर खुणा करत परततो. ‘विजयनगर मोडलं कसं आणि मोडणारे कोण होते?’ असं विचारून गेलेल्याला विजापूर आणि हंपी ही दोन ठिकाणं एकाच गोष्टीचे दोन अध्याय वाटतात. आधी प्रश्न, मग तिकीट, हा या पुस्तकाचा पाया आहे.

प्रवास आखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. ‘काशीखंडा’पासून गावोगावच्या क्षेत्रमाहात्म्यांपर्यंत कितीतरी पोथ्या एका अर्थी मार्गदर्शक पुस्तकंच आहेत. कुठल्या घाटावर आधी स्नान करायचं, कुठलं देऊळ आधी आणि कुठलं नंतर, प्रदक्षिणा किती कोसांची, हे सारं त्यांत ठरवून दिलेलं असतं. त्र्यंबकेश्वर-नाशिकचे तीर्थोपाध्ये वह्यांमध्ये यजमानांच्या पिढ्यांची नोंद ठेवत आणि त्यांच्या मुक्कामाची, जेवणाची सोयही करत. तिकीट, हॉटेल आणि वाटाड्या एकाच घरी मिळत, आणि नातं पिढ्यान् पिढ्यांचं असे.

या परंपरेतली आखणीची सर्वात देखणी कामगिरी म्हणजे पंढरीची वारी. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजचं शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी दिलं. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी असे मुक्काम ठरलेले. दिंड्यांचा क्रम ठरलेला, रिंगणाच्या जागा ठरलेल्या. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो, स्वयंपाकाला लागतो, आणि मागून चालत येणाऱ्याला आपलं ताट कुठे वाढलेलं असेल ते आधीच ठाऊक असतं. एवढं काटेकोर असूनही त्यात ताठरपणा नाही. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की मुक्कामात फेरफार होतो. लोणंदचा मुक्काम त्यानुसार कमीजास्त होतो. लाखो माणसांच्या वेळापत्रकात मोकळी जागा ठेवलेली असते. चार माणसांची सहल आखताना पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत एक मिनिटही रिकामं न सोडणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

माहितीवाचून निघालं की काय होतं, याचीही नोंद मराठीत आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, एवढ्या बातमीवर ते निघाले. बंड पेटल्याचं त्यांना वाटेत कळलं, आणि पुढे ते वेढ्यातल्या झाशीत सापडले. त्यांनी लिहिलेलं ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलं. मराठीतलं ते अव्वल दर्जाचं प्रवासवर्णन आहे. त्या काळी सामान्य माणसापर्यंत बातमी पायांच्या वेगानंच पोचत असे, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. आज बातमी हातातल्या फोनवर येते. तरी ती कुणी दिली आणि कधीची आहे, हे न विचारता निघणारे आजही आहेत.

युरोपात प्रवास आखण्याचे दोन रस्ते जवळपास एकाच काळात फुटले. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुकनं दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला रेल्वेनं नेली. सामूहिक सहलीचा धंदा त्यातून उभा राहिला. दुसरा रस्ता पुस्तकांचा. लंडनच्या जॉन मरे यांचं पहिलं हँडबुक 1836 चं. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी छोटी मार्गदर्शक पुस्तकं काढायला घेतली. वाटाडे आणि खानावळवाले यांच्यावर प्रवाशाला विसंबावं लागू नये, हा त्यांचा स्पष्ट हेतू होता. मिलानच्या कॅथेड्रलच्या छपराकडे चढताना बेडेकर दर वीस पायऱ्यांनंतर एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत, असा किस्सा सांगतात. पायऱ्या स्वतः मोजल्याशिवाय त्यांचा आकडा छापायचा नाही, हा तो बाणा. या पुस्तकाला बेडेकरांचं ऋण मान्य आहे.

विसाव्या शतकात या दुसऱ्या रस्त्यावर तरुणांची गर्दी झाली. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपं लंडनहून जमिनीच्या वाटेनं आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियाला पोचलं आणि 1973 मध्ये त्यांनी ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही पुस्तिका काढली. लोनली प्लॅनेटचा जन्म तिथला. भारतावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ 1981 चा. पाठीवर पिशवी टाकून आलेल्या परदेशी माणसाला पुष्करची किंवा हंपीची बारीकसारीक माहिती असायची आणि शेजारच्या डब्यातल्या भारतीय कुटुंबाला ती नसायची, हे दृश्य पुढे कितीतरी वर्षं दिसत राहिलं.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची वाट तिसरीच होती. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि गावं जोडली जाऊ लागली. सरकारी नोकरांना आणि बँकवाल्यांना एलटीसी, म्हणजे रजेतल्या प्रवासाची सवलत, मिळू लागली. तिचा चार वर्षांचा ब्लॉक संपत आला की घरात ‘यंदा कुठेतरी गेलंच पाहिजे’ अशी घाई सुरू होई. बँकेचं हॉलिडे होम, देवस्थानचं भक्तनिवास, कोकणात ओळखीच्या ओळखीनं मिळालेली घरगुती खोली, गाडीसाठी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या ही त्या प्रवासाची सामग्री. आखणी घरातले पुरुष करतात असा समज होता. प्रत्यक्षात औषधं, पाणी, मुलांचं खाणं, म्हाताऱ्यांच्या पथ्याचं, कपडे वाळणार कुठे हे सगळं बायका पाहत, आणि सहल निभावे ती त्यामुळेच.

नंतर मराठी टूर कंपन्या आल्या. केसरीभाऊ पाटलांनी 1984 मध्ये केसरी टूर्स सुरू केली. वीणा पाटील यांची वीणा वर्ल्ड 2013 ची. या कंपन्यांनी केलेलं काम मोठं आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. इंग्रजी न येणारी, एकटीनं कधी गाव न ओलांडलेली, साठी उलटलेली बाई स्वित्झर्लंडच्या बर्फात उभी राहिली, रात्री तिला वरणभात मिळाला आणि सांभाळून घेणारा टूर मॅनेजर मराठीत बोलणारा होता. आत्मविश्वास असा येतो. अशा कितीतरी बायका पुढची सहल मैत्रिणींबरोबर स्वतः आखू लागल्या. सामूहिक सहल आणि स्वतंत्र आखणी यांना एकमेकांचे शत्रू मानण्याचं कारण नाही. व्हिसा अवघड असलेला, भाषा अजिबात न कळणारा देश असेल, किंवा बरोबर ऐंशी वर्षांचे वडील असतील, तर कंपनी निवडणं शहाणपणाचं. चार दिवसांचं बदामी-हंपी मात्र कुणीही स्वतः आखू शकतं.

चौथी वाट डोंगरवाल्यांची, आणि संशोधनाच्या शिस्तीत ती बाकी सर्वांच्या पुढे आहे. गो. नी. दांडेकरांनी दुर्गप्रेमाची लागण घरोघरी पोचवली, प्र. के. घाणेकरांनी माहितीची बैठक घातली. मुंबई-पुण्यातल्या गिरिभ्रमण संस्थांमध्ये नवा घाट करायचा तर आधी अभ्यास होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारात एक प्रमाणाचा नकाशा पसरायचा, समोच्च रेषांवरून चढ ओळखायचा, जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये त्या घाटानं बैल जात होते का ते पाहायचं, आणि शेवटी पायथ्याच्या गावातल्या माणसाला पाण्याचं विचारायचं. कागद, नकाशा आणि माणूस अशी तीन तोंडं एकच सांगू लागली की निघायचं. गॅझेटियर आता राज्य शासनाच्या गॅझेटियर विभागानं ऑनलाइन ठेवले आहेत आणि सर्वेक्षण विभागाचे नकाशेही उतरवून घेता येतात. डोंगरवाल्यांची ही सवय साध्या कौटुंबिक सहलीत आणावी, हा या पुस्तकाचा एक मुख्य आग्रह.

मराठी प्रवासवर्णनांचं दालन स्वतंत्रपणे सांगण्यासारखं आहे. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आणि पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ यांनी वाचकाला परदेशाची ओढ लावली. लंडनला राहणाऱ्या डॉक्टर मीना प्रभु एकट्यानं देश पालथे घालत राहिल्या आणि ‘दक्षिणरंग’, ‘चिनी माती’, ‘तुर्कनामा’, ‘इजिप्तायन’ अशी पुस्तकं त्यांनी मराठीला दिली. एकटी बाई, आपली आखणी आपण, हे त्यांच्या वाचकांनी वर्षानुवर्षं पाहिलं. प्रवासवर्णन जागा कशी वाटते ते सांगतं; तिथे कुठल्या वारी कुलूप असतं ते सांगणं हे त्याचं काम नव्हे. मराठीत पहिल्या प्रकारची पुस्तकं भरपूर आहेत, दुसऱ्या प्रकारची फार थोडी. ती उणीव भरून काढण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

कुलुपाचं म्हणाल तर ही काही उदाहरणं पुरेत. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. शनिवार-रविवार वाटेत घालवून सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा ठेवलं, तर दोन्ही पाहून होतात. क्रम उलटा केला तर दोन्ही दारं बंद. अंतर तेच, खर्च तोच, माणसं तीच. ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो. पावसाळ्यात जंजिऱ्याला होडी जात नाही. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोज येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि आधी नोंदणी करावी लागते. बहर किती आणि कधी येणार हे त्या वर्षीचा पाऊस ठरवतो. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. मुलांना दोन महिने वाघाची गोष्ट सांगून फाटकाशी नेणाऱ्या आईबापांना ती क्षुल्लक वाटत नाही.

मग हे सगळं आताच का सांगायचं? पहिलं कारण माहितीचं. ती पूर्वी दुर्मिळ होती, आता तिचा पूर आला आहे. रेल्वेचं तिकीट 2002 पासून घरबसल्या काढता येऊ लागलं, नकाशा खिशात आला, प्रत्येक खानावळीला तारे मिळू लागले. यातून प्रवास खुला झाला, हे निःसंशय चांगलं झालं. पण पुरात सगळं पाणी पिण्याजोगं नसतं. हंपीचंच पाहा. नदीपलीकडे विरुपापुर गड्डे नावाची वस्ती होती, झोपाळे टांगलेल्या गेस्टहाउसांसाठी जगभर गाजलेली. जुन्या पुस्तकांत आणि असंख्य टिपणांत अजूनही तिथेच राहा असं लिहिलेलं सापडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये ती बांधकामं पाडली गेली. ते लेखन खोटं नव्हतं, जुनं झालं होतं. वाचणाऱ्यानं वर तारीख पाहिली असती तर पुढची फरफट टळली असती.

यात आता संगणकाशी गप्पा मारून सहल आखण्याची भर पडली आहे. ‘चार दिवस, दोन मुलं, एक आजी’ असं लिहिलं की क्षणात सुबक वेळापत्रक समोर येतं. सुरुवातीचा कच्चा आराखडा म्हणून ते कामाचं आहे. पण जी बस धावत नाही तिची वेळ आणि ज्या दिवशी दार बंद असतं त्या दिवसाची भेट तो यंत्रसहायक तितक्याच ठामपणे सांगू शकतो. भक्तनिवासांच्या आणि हॉटेलांच्या नावानं बनावट संकेतस्थळं काढून आगाऊ रक्कम उकळणाऱ्या टोळ्याही आहेत. म्हणून पैसे पाठवण्याआधी संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करणं आणि फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवणं, ही आजच्या प्रवाशाची प्राथमिक तयारी झाली आहे.

दुसरं कारण वेळेचं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी होत असे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. गणपतीत कोकणात जाणाऱ्याला हे दिवस तारखेनिशी मोजावे लागतात, कारण त्या गाड्या बघता बघता भरतात. तिसरं कारण भरवशाचं. 1841 च्या त्या आगगाडीच्या सहलीतून उभी राहिलेली थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी सप्टेंबर 2019 मध्ये कोसळली आणि दीड लाखांवर ब्रिटिश प्रवाशांना परत आणण्याची व्यवस्था तिथल्या सरकारला करावी लागली. दुसऱ्यावर सोपवलेल्या सहलीतही आपलं तिकीट, विमा आणि परतीची वाट आपल्याला ठाऊक असायला हवी, एवढं त्यातून समजलं.

आणि सर्वात मोठं कारण गर्दीचं. सगळ्यांना तीच दहा ठिकाणं, त्याच दोन महिन्यांत, त्याच कोनातून दाखवली जातात. पावसाळी शनिवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्या तासन् तास उभ्या राहतात, काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या झाडांखाली टॉर्चचे झोत फिरतात. शंभर माणसांनी थोडं वाचून दुसरं गाव, दुसरा वार किंवा दुसरा महिना निवडला तर त्या डोंगराला श्वास घेता येईल. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात रायगड आणि प्रतापगड आहेत, तसे साल्हेर आणि खांदेरीही आहेत, आणि तमिळनाडूतला जिंजीही आहे. राजाराम महाराजांनी जिथून मराठ्यांचं राज्य तगवलं, त्या जिंजीला किती मराठी कुटुंबं जातात? बाराही किल्ल्यांची नावं सांगता येणारा माणूस पुढच्या सुट्टीत कुठे जायचं याचं उत्तर स्वतः शोधू शकतो.

या पुस्तकाचा विश्वास वहीवर आहे. साधी शंभर पानी वही, मुलांच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली चालेल. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर मिळालेलं उत्तर. उत्तरापुढे दोन गोष्टी न चुकता लिहायच्या: कुणी सांगितलं आणि कुठल्या तारखेला. हंपीच्या पानावर अशा नोंदी होतात. विजय विठ्ठल मंदिर, जनाना परिसर आणि कमलापूरचं संग्रहालय एकाच तिकिटावर, पण त्याच दिवशी. संग्रहालय शुक्रवारी बंद. म्हणजे हा दिवस शुक्रवार नको. संग्रहालयात सगळ्या हंपीची प्रतिकृती मांडलेली आहे. अवशेष चार हजार हेक्टरांहून जास्त जागेत विखुरले आहेत, तेव्हा पहिल्याच दिवशी प्रतिकृती पाहिली तर पुढे दिशा चुकत नाहीत. दुपारी दगड तापतो, म्हणून विठ्ठल मंदिर सकाळी. विरूपाक्षाच्या बाजारपेठेतून तुंगभद्रेच्या काठाकाठानं तिथवर चालत जाता येतं, सुमारे दोन किलोमीटर. आजीचे गुडघे दुखत असतील तर रस्त्यानं जाऊन पुढे बॅटरीवरची गाडी. ‘बिजापूर’ आणि ‘हॉस्पेट’ ही जुनी नावं वेळापत्रकात शोधू नयेत, ‘विजयपुरा’ आणि ‘होसपेटे’ टाकावं.

आणि डाव्या पानावरचा प्रश्न? तो एखाद्या वारकरी घरातल्या मुलीनं लिहिलेला असू शकतो: ‘पंढरीचा विठोबा खरंच इथे आला होता का?’ पंढरीची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली गेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. विजय विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. मंदिराच्या अंगणातल्या दगडी रथाचं चित्र पन्नास रुपयांच्या नोटेमुळे प्रत्येकाच्या खिशात आहे. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि वळतात. ही गोष्ट वाचून गेलेला मराठी माणूस रथाला वळसा घालून आत जातो आणि त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे थोडा वेळ उभा राहतो. त्याच दगडांमध्ये, त्याच तिकिटात, त्याला कितीतरी जास्त मिळतं.

वहीचं आणखी एक पान फोनसाठी. छायाचित्रांवरून खोली निवडण्यापेक्षा यजमानांशी पाच मिनिटं बोलणं जास्त उपयोगी पडतं. गाडी दारापर्यंत येते का, जिना किती पायऱ्यांचा, संडास खोलीला लागून आहे का, वीज गेली तर काय, रात्री साडेनवाला पोचलो तर जेवण मिळेल का. कोकणातल्या घरगुती खोलीत उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण पिठी दळायची आणि नारळ खवायचा असतो. यजमानांच्या आवाजावरूनही बरंच समजतं. हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण ते ऐकून यजमानांचं काम सोपंच होतं.

स्वस्त आणि कायदेशीर अशा ज्या सोयी फारशा कुणी वापरत नाही, त्यांची माहिती इथे मोठ्या जिव्हाळ्यानं जमवली आहे. रेल्वे चक्राकार प्रवासाचं तिकीट देते, ज्यात निघालेल्या ठिकाणी परत येईपर्यंत आठ ठिकाणी उतरता येतं. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांसाठी मिळतो. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, आणि 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट. पंच्याहत्तरी ओलांडलेली आई आणि पन्नाशीची मुलगी महाराष्ट्रात कुठेही एका अर्ध्या तिकिटात जाऊ शकतात. असा प्रवास करणाऱ्या मायलेकी वाढाव्यात, असं हे पुस्तक लिहिताना सतत वाटत राहिलं.

या पुस्तकात ठिकाणांची यादी नाही. ‘मरण्यापूर्वी पाहाव्यात अशा शंभर जागा’ इथे सापडणार नाहीत, आणि कुठल्या हॉटेलची शिफारसही नाही. आधी प्रश्न कसा सुचतो, मग कुठे वाचायचं, कुणाला विचारायचं, दोन माहितींत विरोध आला तर कुणाचं मानायचं, दिवसात किती कोंबायचं आणि किती मोकळं सोडायचं, खर्चाचा अंदाज कसा बांधायचा, आजारी पडलं किंवा गाडी चुकली तर हाताशी काय असावं, या क्रमानं ते जातं. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातली आहेत, कारण तीच पारखून घेता आली. न्यू जर्सीत किंवा सिडनीत बसून आईवडिलांची भारतातली किंवा तिकडची सहल आखणाऱ्या मुलामुलींनाही हीच रीत लागू पडावी. ज्यांनी कधीच काही आखलेलं नाही त्यांनी एका दिवसाच्या, घरापासून शंभर किलोमीटरांच्या आतल्या सहलीनं सुरुवात करावी.

छापलेली माहिती छापल्या दिवसापासून जुनी होऊ लागते, हे विरुपापुर गड्डेच्या उदाहरणात आलंच आहे. या पानांनाही ते लागू आहे. भाडी वाढतील, गाड्यांच्या वेळा बदलतील, एखादं दार बुधवारी बंद राहू लागेल. म्हणून प्रत्येक माहितीपुढे ती पडताळल्याचा महिना आणि वर्ष छापलं आहे आणि बाजूला रुंद समास सोडला आहे. वाचकांनी तिथे पेन्सिलीनं नवी वेळ, नवा दर आणि आपली तारीख लिहावी, आणि ती दुरुस्ती प्रकाशकांकडे कळवावी. पुढच्या आवृत्तीत ती कळवणाऱ्याच्या नावानिशी छापली जाईल.